उलट्या बाजूची टोकं

१

चित्र मागावरून कापून सुलटं केलं, टाळ्या पडल्या आणि बाई टाळी वाजवायच्या राहिल्या. मधला चेहरा त्यांनी विणलेला नव्हता.

चित्रातली बाई तीच होती, खिडकीशी बसलेली, मांडीवर मूल घेतलेली. आराखडाही बाईंचाच. नव्या प्रसूतिगृहाच्या दालनात, बाकांसमोरच्या भिंतीवर लावायला डॉक्टरीणबाईंनी हे भलंमोठं विणलेलं चित्र मागितलं होतं, आणि बाईंच्या विणकामशाळेनं त्यात वर्षाहून जास्त काळ घातला होता. आता डॉक्टरीणबाई डोळे पुसत होत्या. चेहरा अगदी जिवंत उतरलाय असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या आणि दर वेळी बाई नुसती मान हलवत होत्या.

या कामाची एक गंमत असते. विणणारा मागाच्या पाठीमागे बसतो. त्याला सदैव उलटी बाजू दिसते, सुटलेली टोकं आणि लोंबणाऱ्या लोकरीच्या कांड्या. वीतभर विणून झालं की ते खालच्या जाडजूड लाकडी रुळावर गुंडाळायचं. रुळाच्या दोन्ही टोकांना दांडे असतात. बाई एका टोकाला उभ्या राहून "घे" म्हणायच्या, दुसऱ्या टोकाला शाळेतला विणकर डावऱ्या दांडा ओढायचा, आणि विणलेला भाग गुडूप व्हायचा. मग तो दिसायचा थेट शेवटी. चेहरा थंडीत विणून गुंडाळला होता. तेव्हापासून त्याला कुणी पाहिलं नव्हतं, निदान बाईंची तशी समजूत होती.

माणसं चहाकडे वळली तशा बाई चित्राजवळ गेल्या आणि कड उचलून त्यांनी हात मागे घातला. त्यांची टोकं आखूड कापलेली आणि सगळी उजवीकडे वळवलेली असत, नुकत्याच केलेल्या दाढीच्या खुंटांसारखी. ती त्यांना डोळे मिटूनही ओळखता आली असती. त्यांनी कपाळाच्या मागून बोटं फिरवली. गुळगुळीत. एका गालामागून फिरवली, मग दुसऱ्या. तिथंही एक टोक लागेल तर शपथ. चटका बसावा तसा त्यांनी हात काढून घेतला.

"ताई," मागून आवाज आला, "टाळ्या वाजत असताना तू मयताला आल्यासारखी का उभी होतीस?"

हा त्यांचा धाकटा भाऊ. पोलिसातून निवृत्त झाला तरी घरीदारी सगळे त्याला फौजदारच म्हणत. बायको लेकीकडे गेल्यामुळे बहिणीकडे मुक्कामाला आला होता आणि हाताला काम नसल्यामुळे दिवसभर सगळ्यांच्या पायात येत होता. बाईंनी दार लोटलं आणि त्याला सांगून टाकलं.

२

फौजदारांचा चेहरा इतका उजळला की बाईंना रागच आला. फौजदारांनी विचारलं, चोरी काय झालीय? काही नाही. नुकसान? तेही नाही, लोक तर वाहवा करतायत.

"मी नोकरीत असताना लोक सामान गेल्याची तक्रार करायचे," ते म्हणाले. "सामान सुधारून ठेवल्याची ही पहिलीच."

बाई हसल्या नाहीत. परवा सकाळी चित्र न्यायला टेम्पो येणार होता आणि त्याआधी खालच्या कोपऱ्यात त्यांना आपली खूण विणायची होती. एक छोटी निळी चिमणी. ती नसेल तर काम या शाळेचं नाही, आणि असेल तर चेहरा बाईंचा, असा त्या चिमणीचा अर्थ होता. दुसऱ्याच्या कामावर ती बसवणं म्हणजे धडधडीत खोटं. न बसवावी तर कारण सांगावं लागणार.

आणि कारणाचंच तर त्यांना भय होतं. वर्षभरापासून त्यांना सगळं चहाच्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसत होतं. पिवळट, थोडं गढूळ. काळं आणि निळं एकच वाटायचं. ही गोष्ट त्यांनी कुणाच्या कानावर घातली नव्हती. ज्या बाईकडे लांबून लोक हात शिकायला येतात तिला लोकरीच्या लडीचा रंग दिसत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? चित्रातल्या बाईचे गाल त्यांनी अंदाजानं विणले होते. तो भाग रुळावर गेला तेव्हा त्यांना चक्क सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्या सुटकेची लाज अजून गेली नव्हती.

रंगारीकाकानं तेव्हा तोंड उघडलं होतं. लड्या द्यायला आला असता मागून वाकून बघून तो म्हणाला होता, बाई, गालात हा निळा जरा जास्त होतोय का. बाईंनी सगळ्यांदेखत त्याला सुनावलं होतं. "तू रंग उकळ. कुठं लावायचा ते मी बघते." त्यानंतर बाई असताना तो माग असलेल्या खोलीत आलाच नाही. लड्या दाराशी ठेवून जायचा.

यातलं भावाला त्यांनी काही सांगितलं नाही. इतकंच सांगितलं की वसंतात लेकीच्या बाळंतपणासाठी त्या महिनाभर गावाला नव्हत्या. तेव्हा माग याच खोलीत होता आणि शाळेत तिघंच जण होते, रंगारीकाका, डावऱ्या आणि बाईंची नणंद.

"मग झालंच की," फौजदार म्हणाले आणि पायात चपला सरकवू लागले. जाता जाता त्यांनी बहिणीच्या पायांकडे बघितलं. "तुझं लक्ष कुठं आहे? एक मोजा काळा, एक निळा."

बाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

३

आधी फौजदार मागच्या अंगणातल्या रंगाच्या शेडमध्ये गेले. बाई उंबऱ्यापाशीच थांबल्या. रंगारीकाकाला सुनावलं त्या दिवसानंतर त्या इकडे फिरकल्याच नव्हत्या.

रंगारीकाकाची नजर अशी की लडी उन्हात वाळली की सावलीत, हे तो दारातून सांगायचा. पण गरम पाण्यात आयुष्य गेल्यामुळे त्याची बोटं कायमची आखडली होती. शर्टाची बटणं लावायलाही त्याला बायको लागायची. फौजदारांनी सुई-दोरा पुढं केला तर त्याला सुईच उचलता आली नाही. नवा चेहरा आपण नीट पाहिलाच नाही असं तो म्हणाला, आणि हे खरं असावं. फौजदारांनी मघाशीच टिपलं होतं की चित्र सुलटं झालं तेव्हा सगळे चेहऱ्याकडे बघत होते आणि हा एकटा बाईंकडे.

शेडच्या आतल्या भिंतीवर कोळशानं काढलेली माणसं होती. चहा देणारा, टपाल आणणारी, आणि नुकतेच मुक्कामाला आलेले फौजदारसुद्धा, पोट आधी आणि माणूस मागून अशा थाटात. ते पोट धरून हसले. कोण काढतं म्हणून विचारलं तर रंगारीकाका कढईतलं पाणी ढवळत राहिला. हसता हसता फौजदारांनी एक गोष्ट मात्र हेरली. छायेच्या रेघा सगळ्या उलट्या अंगाला कललेल्या होत्या, डावीकडून उजवीकडे उतरत्या.

मग डावऱ्या. चाळिशीचा गडी, दोन पोरांचा बाप, डाव्या हातानं काम करायचा म्हणून हे नाव. चित्रातल्या भिंती, पडदे, फरशी हे सगळं त्याच्याकडे. हात वाऱ्यासारखा चाले, पण धीर नावाचा प्रकार त्याच्याजवळ नव्हता. त्याच्या कामाची उलटी बाजू म्हणजे रान माजलेलं. तो फौजदारांशी फरशीकडे बघत बोलला आणि आपल्याला काही ठाऊक नाही असं विचारायच्या आधीच सांगून मोकळा झाला.

"यानं चेहरा विणला असता तर मागे झाडी उगवली असती," बाई म्हणाल्या. त्यांचा संशय कधीच ठरला होता आणि त्यांना आता दम निघत नव्हता.

उरली आत्या. ही बाईंची नणंद. बाई लग्न होऊन आल्या त्याच्या आधीपासून ती या शाळेत होती. बाईंची मुलं आत्या म्हणायची म्हणून सगळेच म्हणायला लागले. तिचं काम रफूचं. जुनी, फाटकी, किडीनं खाल्लेली विणकामं तिच्याकडे यायची आणि ती सुईनं अशी भरून द्यायची की भोक कुठं होतं ते मालकाला सापडू नये. तिच्या कामाला पाठीमागे टोक नसायचं.

ती खिडकीशी काम करत होती. बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"चेहऱ्यामागे एकही टोक नाही. असं काम इथं एकच हात करतो."

आत्यानं सुई टोचून ठेवली. "हो वहिनी. मीच केलं. एकटीनं."

"का?"

"वाटलं म्हणून."

फौजदार काहीतरी विचारणार होते, पण बाईंनी त्यांना बोलू दिलं नाही. कुणीतरी आपल्या पाठीमागे आपलं काम उसवून टाकलं, आणि तेही घरातल्या माणसानं, याचा राग होताच. पण त्याहून मोठी घाई ही होती की आत्यानं ते खरं कारण बोलून दाखवू नये.

"उद्यापासून येऊ नकोस."

आत्यानं सुयांची डबी मिटून टेबलावर ठेवली. ही डबी तिच्या आईची, म्हणजे बाईंच्या सासूबाईंची. सासूबाईंनी ती सुनेला दिली नव्हती, लेकीला दिली होती. "शाळेची आहे," आत्या म्हणाली आणि गेली.

४

संध्याकाळी दोघं जेवायला बसले. बाई नुसता भात चिवडत होत्या. डबी त्यांनी घरी आणली होती आणि ती कुठं ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं.

शेवटी फौजदार म्हणाले की ही कबुली काही खरी नाही. एक तर तिनं "एकटीनं" हा शब्द न विचारता वापरला. एकट्यानं गुन्हा करणाऱ्याला तो शब्द सुचतच नाही, दुसऱ्या कुणाला झाकायचं असलं की मग तो तोंडात येतो. आणि दुसरं, रफू करणाऱ्याला आजूबाजूला नमुना लागतो. कडेला जे असेल तेच ती पुढं नेणार. मग गालासारखा गाल तिनं बघितला कुठं?

बाईंना हे त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आत्या समोर असेल ते हुबेहूब करायची, मनानं एक पानसुद्धा काढायची नाही. दुपारी हे आठवलं नव्हतं असं नाही. आठवायचं नव्हतं.

"शिवाय रंग," फौजदार म्हणाले. "तो गालाचा रंग तिनं आणला कुठून?"

"कसा आहे तो?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

फौजदारांचा हात ताटातच थांबला. त्यांनी बहिणीकडे बघितलं, मग टेबलाखाली वाकून तिच्या पायांकडे. अजूनही एक मोजा काळा होता आणि एक निळा.

"ताई, कधीपासून?"

मग मात्र बाईंचा बांध फुटला. वर्षभर गिळलेलं सगळं त्यांनी सांगितलं. डोळ्यांचं, अंदाजानं विणलेल्या गालांचं, रंगारीकाकाला सगळ्यांदेखत बोलल्याचं. आत्याला घालवताना आपल्याला खरं काय लपवायचं होतं, तेही. सांगून मन हलकं होतं म्हणतात. त्यांचं झालं नाही. भावानं पाठीवर हात ठेवला, पण तुझं चुकलं नाही असं तो म्हणाला नाही, आणि ते त्यांना बरोबरच वाटलं.

"गाल कसा आहे ते सांगतो," तो म्हणाला. "नुकतंच रडून झाल्यावर माणूस शांत बसतं ना, तसा आहे."

सकाळी शाळा उघडली तर दारात रंगारीकाका उभा होता, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. त्यानं एका दमात सांगितलं की आत्याचा यात काही संबंध नाही, चेहरा आपण बदलला, एकट्यानं. ते संपतं न संपतं तोच डावऱ्या आला. तो धापा टाकत होता. आत्यानं काही केलं नाही, त्यानं सांगितलं, सगळं आपलंच काम आहे, एकट्याचं.

फौजदारांनी दोघांना चहा मागवला.

५

"नोकरीत एकेका कबुलीसाठी जीव मेटाकुटीला यायचा," ते बाईंना म्हणाले. "इथं एका गुन्ह्याचे तीन धनी, आणि तिघंही थापाडे."

एकाला सुई उचलता येत नाही, दुसऱ्याला धीर नाही, तिसरीला समोर नमुना नसेल तर टाकाही घालता येत नाही. म्हणजे तिघांपैकी कुणीच हे करू शकत नाही. बाईंनी कालपासून मनात हजार वेळा हाच हिशोब केला होता आणि दर वेळी उत्तर शून्य आलं होतं. बाहेरचा कुणी येऊन गेला की काय, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती.

फौजदार बोलता बोलता रिकाम्या मागाशी खेळत होते. खालच्या रुळाचा दांडा त्यांनी ओढून बघितला. रूळ एका बाजूनं जरा फिरला आणि तिरका होऊन अडकला. त्यांनी जोर लावला. लाकूड करकरलं.

"मोडशील," बाई म्हणाल्या. "एकट्यानं फिरवायचा नसतो तो. दोन्हीकडून एकदम..."

त्या वाक्य पुरं न करताच थांबल्या. रोज "घे" म्हणून त्यांनी तो रूळ फिरवला होता. पलीकडच्या टोकाला कुणाचे तरी हात असतात हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यांना ते दिसेनासंच झालं होतं. गुंडाळलेला चेहरा बाहेर काढायचा तर रूळ उलटा फिरवायला हवा, पुन्हा झाकायचा तर सुलटा. एकट्यादुकट्याचं ते कामच नव्हतं. बाई मात्र कालपासून सगळी कलाकुसर एकाच अंगात असलेला माणूस शोधत होत्या, कारण त्यांच्या मते चांगलं काम असाच माणूस करतो. तसा माणूस या शाळेत एकच होता, आणि तो त्या स्वतः.

"भिंतीवरची चित्रं कोण काढतं?" फौजदारांनी डावऱ्याला विचारलं. "माझं पोट कुणाचं काम?"

डावऱ्या कानापर्यंत लाल झाला. बाई उठल्या आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच शेडमध्ये जाऊन भिंतीपुढं उभ्या राहिल्या. कोळशाचं काळं त्यांना दिसत होतं. चहावाल्याच्या खांद्याचा उतार, टपालवालीची हनुवटी. एका कोपऱ्यात त्या स्वतःही होत्या, मागाशी वाकलेल्या, नाक जवळजवळ मागावरच्या ताणलेल्या दोऱ्यांना लागलेलं. चित्रात थट्टा नव्हती. काढणाऱ्याला ठाऊक होतं की या बाईला नीट दिसत नाही.

"मला कधी दाखवलं नाहीस," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, बाई."

तो हे उर्मटपणे म्हणाला नाही. म्हणून ते जास्त लागलं. शेजारी बसवून इतकी वर्षं त्याच्याकडून त्यांनी भिंती आणि फरश्या विणून घेतल्या होत्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चेहरा रुळावर जायच्या आधी तिघांनी मागाच्या पलीकडे आरसा धरून त्याची सुलटी बाजू बघितली होती. गाल निळसर, बुडालेल्या बाईसारखे. प्रसूतिगृहात आलेली कुणी पोटुशी पोर बाकावर बसून हे बघत राहील, या विचारानं आत्याला झोप लागेना. सांगायचं कुणी? रंगारीकाकानं सांगून बघितलं होतंच. बाई लेकीकडे गेल्या आणि तिघांनी रूळ उलटा फिरवला. डावऱ्यानं बाईंच्याच आराखड्यावरून चेहऱ्याचा नकाशा काढला, कुठं कोणती छटा, कुठं सावली, धागा न् धागा दाखवून, कारण आत्याला नमुना लागतो. रंगारीकाकानं त्या छटा नव्यानं रंगवल्या आणि क्रमानं मांडून दिल्या. आत्यानं उसवलं आणि सुईनं भरलं. चेहऱ्यातल्या छाया डावऱ्याच्या होत्या म्हणून भिंतीवरच्या रेघांसारख्याच डाव्या अंगाला कललेल्या, टाके आत्याचे म्हणून टोकं नाहीत. फौजदारांना रेघा दिसल्या होत्या, बाईंना टोकं. दोघांनी आपापलं अर्धंच बघितलं होतं.

"आम्ही कुणीच याआधी असलं काही केलं नव्हतं," रंगारीकाका म्हणाला. "करताना भीती वाटत होती. आणि बाई, खोटं कशाला बोलू, मजापण आली. त्याचीच जास्त टोचणी आहे. तुमच्या कामावर हात टाकून आम्ही मजा केली."

६

आत्याला आणायला बाई स्वतः गेल्या. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, पण दार उघडल्यावर त्यांना फक्त डबी पुढं करता आली. "ही सासूबाईंनी तुला दिली होती," त्या म्हणाल्या. "मी चुकले गं." आत्यानं डबी घेतली आणि चपला शोधू लागली. तिचे डोळे सुजलेले होते. पायऱ्यांपाशी तिनं वहिनीचा हात धरला. बाईंच्या लक्षात आलं की हल्ली ती पायऱ्यांपाशी नेहमीच हात धरते.

चित्र टेबलावर पसरलं होतं. बाईंनी तिघांना समोर बसवलं आणि आपला निर्णय सांगितला. चिमणी बसणार नाही. डॉक्टरीणबाईंना त्या खरं काय ते सांगतील आणि डोळ्यांचंही सांगतील. चेहरा तिघांचा आहे, तिघांनी आपापली खूण करावी. ज्या चेहऱ्यात आपला एक धागा नाही त्याच्याखाली आपलं नाव नको. त्या हे रागानं म्हणत नव्हत्या. त्यांना ते खरोखर पटलं होतं, आणि थोडं बरंही वाटत होतं, शिक्षा भोगून मोकळं व्हावं तसं.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"ताई," फौजदार म्हणाले, "तू पंचनामा अर्धवट केलास."

त्यांनी चित्राची कड उचलली, बहिणीचा हात धरला आणि आत सरकवला. काल सगळे गेल्यावर ते इथं एकटेच येऊन गेले होते. विणकामातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण जागा तपासायची तर इंच इंच तपासायची एवढं येत होतं. कपाळाच्या मागे गुळगुळीत. गालांच्या मागे गुळगुळीत. बाईंची बोटं त्यांनी आणखी खाली नेली, मधोमध, जिथून त्यांनी काल हात काढून घेतला होता त्याच्या अलीकडे.

बोटांना खुंट लागले. आखूड, दाट, सगळे उजवीकडे वळलेले.

"ओठ," आत्या म्हणाली. "ओठांना आम्ही हात लावला नाही, वहिनी. डावऱ्यानं सात-आठदा काढून बघितले. हसायच्या बेतात असलेले आणि न हसलेले. त्याला ते येईनात. काकाला रंग ठरवता येईना, आणि मला तर उसवायचाच धीर झाला नाही. मग बाकीचा सगळा चेहरा आम्ही त्या ओठांच्या भोवती बसवला. ते नसते तर कुठून सुरू करायचं तेच कळलं नसतं."

बाईंना रडू आलं, आणि ते अभिमानाचं नव्हतं. या तिघांनी त्यांच्या बिघडलेल्या कामातून चांगलं होतं ते शोधून काढलं होतं, ते जपलं होतं, आणि उरलेलं त्याच्या तोडीचं करायला जीव टाकला होता. त्यांनी मात्र एका गुळगुळीत गालावरून आत्याला दार दाखवलं होतं, आणि रंगारीकाकाचा शब्द त्याच्या तोंडातच दाबला होता. इतकी वर्षं शेजारी बसलेल्या माणसांच्या हातात काय आहे हे बघायला त्यांचे डोळे तेव्हाही चालत नव्हते, जेव्हा ते चांगले होते.

पुष्कळ वेळ त्यांनी हात बाहेर काढला नाही.

टेम्पो यायला अवकाश होता. डावऱ्यानं आपली खूण म्हणून फौजदारांचं पोट विणायची परवानगी मागितली, ती फौजदारांनी नाकारली. शेवटी आत्यानं आपली खूण म्हणून कोपऱ्यात एक सुई भरली, रंगारीकाकासाठी डावऱ्यानं त्यानं सांगितला तसा रंगाचा एक थेंब काढून तो तिच्याकडून भरून घेतला, आणि स्वतःसाठी एक उलटी कललेली रेघ. मग तिघं बाजूला सरकले आणि त्यांनी बाईंना जागा करून दिली.

बाई खुर्ची ओढून बसल्या. लोकरीच्या टोपलीतून त्यांनी दोन लड्या उचलल्या, दोन हातांत एकेक अशा धरल्या, उजेडाकडे नेल्या, जवळ आणल्या. त्यांना दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

त्या वळल्या आणि दोन्ही हात त्यांनी रंगारीकाकापुढं केले.

"यातली निळी कोणती?"

त्यानं डाव्या हातातली लडी घेतली, आखडलेल्या बोटांनी तिचं टोक शोधलं आणि त्यांच्या चिमटीत दिलं.